अँफिबियन घेताय? मग आधी होडी शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हरजवळ राहता. खासगी वैमानिकाचा परवाना आहे, १८० तास झालेत, तेही सगळे सेस्ना १७२ या साध्या चाकांच्या विमानावर. आता लेक बकेनिअर नावाचं एक जुनं अँफिबियन, म्हणजे उभयचर विमान विकाऊ आहे: चार आसनी, धावपट्टीवरही उतरतं आणि पाण्यावरही. पुढच्या ऑगस्टमध्ये बायकोला सोबत घेऊन किनाऱ्याने उत्तरेला पोर्ट हार्डी, तिथून बेला बेला आणि जमल्यास समुद्र ओलांडून हैदा ग्वाय बेटं, असा दोन आठवड्यांचा बेत आहे. हे जमण्यासारखं आहे का, काय काय शिकावं लागेल, आणि बायकोला पोहता येत नाही तर चालेल का, असं विचारलंय.

जमेल. पण पुढच्या वर्षी बेला बेलापर्यंतच जा. हैदा ग्वाय त्याच्या पुढच्या वर्षी. आणि ऑगस्टमध्ये नको.

मी या किनाऱ्यावर पंचवीसेक वर्षं उडतोय. त्यातली पहिली काही वर्षं फ्लोटवाल्या, म्हणजे चाकांऐवजी तरंगणारे पाय लावलेल्या सेस्नावर गेली, नंतर माझ्याकडेही लेकच आलं. मूळचा मी मालवणचा. घरची रापण होती. त्यामुळे पाण्याशी ओळख विमानाच्या आधीची, आणि खरं सांगायचं तर इथे मला जास्त उपयोगी तीच पडली. तुमच्या प्रश्नात विमानाबद्दल बरंच आहे: इंजिन, वेग, इंधन, जीपीएस. पाण्याबद्दल एक ओळही नाही. १७२ वरून लेकवर येणारा प्रत्येक जण असाच येतो. आपण विमान घेतोय असं त्याला वाटत असतं. तुम्ही घेताय ती पंख असलेली होडी आहे.

बुचांपासूनच सुरुवात करू. लेकचं पोट म्हणजे होडीचं पोट, आत कप्पे आणि प्रत्येक कप्प्याला खाली पाणी काढायचं बूच. कितीही चांगलं विमान असो, पाणी थोडं तरी झिरपतंच. उड्डाणाआधी ती बुचं काढायची, कुठल्या कप्प्यातून किती पाणी आलं ते बघायचं आणि परत घट्ट लावायची. ऐकायला सोपं आहे. पण बुचं काढलेली असताना कोणीतरी हाक मारतं, फोन येतो, इंधनाची गाडी येते, आणि एक बूच खिशात राहतं. धावपट्टीवरून उडाल तेव्हा काहीच कळणार नाही. पाण्यावर उतरून धक्क्याला बांधून जेवायला जाल आणि परत येईपर्यंत शेपूट बुडालेलं असेल. माझ्याकडे एक स्टीलची वाटी आहे, घरातलीच. काढलेलं प्रत्येक बूच वाटीत टाकायचं आणि वाटी वैमानिकाच्या सीटवर ठेवायची. वाटी रिकामी झाल्याशिवाय मला बसताच येत नाही. गेल्या महिन्यात एका कप्प्यातून नेहमीच्या अर्ध्या कपाऐवजी लिटरभर पाणी निघालं. पोटाला सुटलेला एक रिव्हेट त्यामुळे सापडला.

आता उडण्याबद्दल थोडंसं. लेकचं इंजिन २०० अश्वशक्तीचं, केबिनच्या वर खांबावर बसवलेलं आणि पंखा मागे तोंड करून ढकलणारा. थ्रॉटल, म्हणजे जोर कमी-जास्त करायचा दांडा, तोही डोक्यावर, छतालाच. जोर वरून लागत असल्यामुळे थ्रॉटल दिला की नाक खाली जातं आणि काढला की वर येतं. तुमच्या हाताला सेस्नाची सवय आहे, ती नेमकी उलटी. उडाल्या उडाल्या इंजिन बंद पडलं तर नाक आपोआप वर जाईल, वेग घटेल, आणि तुम्हाला विचार न करता ते खाली ढकलावं लागेल. हे वाचून येत नाही. लेकवर बरीच वर्षं घालवलेल्या शिक्षकाबरोबर किमान वीस-पंचवीस तास काढा. विमा कंपनीही बहुतेक तसंच काहीतरी मागेल. कॅनडात सीप्लेन रेटिंगसाठी, म्हणजे पाण्यावरून उडायच्या परवानगीसाठी, सात तासांचं शिक्षण लागतं, त्यात पाच तास शिक्षकाबरोबर आणि पाच टेकऑफ-लँडिंग एकट्याने. ते रेटिंग म्हणजे फक्त दार उघडलं. आत पाऊल टाकायचं अजून बाकी असतं.

चार आसनं कागदावरची समजा. टाक्या भरल्या, दोन माणसं बसली, तंबू, नांगर, दोर आणि खाणं चढलं की मागची दोन आसनं सामानालाच जातात.

चाकांवर मात्र जरा थांबतो, कारण अँफिबियनमध्ये चाकांची चूक जिवावर बेतते. चाकं वर ठेवून धावपट्टीवर उतरलात तर पोट घासेल, लाज वाटेल, बिल येईल. चाकं खाली ठेवून पाण्यावर उतरलात तर चाकं पाण्यात रुततात, विमान नाकावर उलटं होतं, आणि तुम्ही डोकं खाली, पट्ट्यात अडकलेले, थंडगार पाण्यात. नुसत्या चाकांच्या विमानाला एकच उत्तर असतं: खाली. साध्या फ्लोटप्लेनला तर प्रश्नच नसतो. तुमच्या विमानाला मात्र प्रत्येक वेळी उत्तर बदलावं लागणार. दोन्हीकडे उतरता येतं याचं कौतुक सगळे करतात, आणि त्यातच ही मेख आहे.

माझ्याच बाबतीतली गोष्ट. पोर्ट हार्डीच्या धावपट्टीवरून उडालो, पंधरा मिनिटांवरच्या एका खाडीत उतरायचं होतं. उडताच कोणाशी तरी रेडिओवर बोलणं सुरू झालं, समोर ढग खाली आलेला दिसला, वाट बदलली, आणि चाकं वर घ्यायची राहून गेली. विमान थोडं जड वाटत होतं, पण मी म्हटलं सामान आहे. खाडीवर फेरी मारली, वारा बघितला, फ्लॅप दिले. मागे माझा भाचा बसला होता, तेव्हा बारा वर्षांचा. त्याने हेडसेटमध्ये विचारलं, "मामा, पाण्यात चाकं कशाला लागतात?" डाव्या पंखाखालच्या छोट्या फ्लोटवर मी एक छोटा आरसा लावलाय, त्यात त्याला पुढचं चाक दिसत होतं. मला दिसत नव्हतं, कारण मी बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी 'चाकं खाली' आणि 'चाकं वर' हे शब्द सोडले. मोठ्याने पूर्ण वाक्य म्हणतो: "हे पाण्यावरचं उतरणं आहे, म्हणून चाकं वर, आरशात चाक दिसत नाही." किंवा "ही धावपट्टी आहे, म्हणून चाकं खाली, आरशात चाक दिसतंय." तीनदा म्हणायचं: फेरीला लागताना, शेवटच्या वळणानंतर आणि टेकण्याआधी. शेजारी बसलेल्याला हे वाक्य शिकवायचं आणि त्याने होकार दिल्याशिवाय उतरायचं नाही. बोलणारी इशारा यंत्रं मिळतात, तीही बसवा. पण यंत्र रोज बोलायला लागलं की कान ते ऐकेनासे होतात.

आता पाणी. नवख्याला लाटांची भीती वाटते. मला सपाट पाण्याची वाटते. वारा अजिबात नसलेल्या सकाळी इथल्या खाड्यांचं पाणी आरशासारखं होतं. त्यात डोंगर दिसतात, ढग दिसतात, फक्त पाणी दिसत नाही. आपण तीस फुटांवर आहोत की तीन, हे डोळ्यांना कळतच नाही. आपण टेकलो असं समजून थ्रॉटल काढाल तर वीस फुटांवरून आदळाल. पाणी अजून लांब आहे असं समजाल तर नाकाने घुसाल. बाबा इथे आले होते, तेव्हा अशाच एका सकाळी धक्क्यावर उभं राहून म्हणाले, "ह्या पाण्याक भुलू नको." विमानातलं त्यांना काहीच कळत नव्हतं.

अशा पाण्यावर उतरताना नजर किनाऱ्यावर ठेवायची. किनाऱ्याला समांतर आणि जवळून यायचं, म्हणजे झाडं आणि खडक डोळ्याच्या कोपऱ्यात राहतात. किनाऱ्याच्या आधाराने विमान थोडं नाक वर अशा उतरत्या अवस्थेत बसवायचं, मिनिटाला दीडशे फुटांच्या आसपास घसरण ठेवायची, आणि मग काहीच करायचं नाही. पाण्याचा अंदाज घ्यायला जायचं नाही, नाक ओढायचं नाही. विमान टेकेपर्यंत हात तसाच. यात खूप लांबी जाते, त्यामुळे छोट्या खाडीत हे करता येत नाही. आणि लेकमध्ये थ्रॉटल काढताच नाक वर येतं हे विसरू नका. पोट पाण्याला पक्कं लागल्यावरच हळूहळू काढा. सोप्या दिवशी याचा सराव करा, म्हणजे खऱ्या दिवशी हात थरथरणार नाही.

उलट टोकाला मोकळ्या समुद्राचा लांब हेलकावा. पॅसिफिकमध्ये हजार मैलांवर वादळ झालं तरी त्याचे डोंगर इथे पोचतात. वरून ते दिसतच नाहीत, पाणी शांत वाटतं. पाचशे फुटांवर आलात की सावल्या दिसू लागतात. हेलकाव्यावर आडवं कधीच उतरू नका. उतरावंच लागलं तर त्याच्या रेघेला समांतर. माझा नियम साधा आहे: मोकळ्या बाजूला उतरायचंच नाही. बेटाच्या आतल्या बाजूला, आडोशाला, आणि लाट फुटापेक्षा उंच असेल तर दुसरी खाडी शोधायची.

उतरण्याआधी जागेवरून खालून एक फेरी. ओंडके बघायचे. या किनाऱ्यावर लाकूडतोडीचे ओंडके शतकभर पाण्यातून ओढून नेले जातायत. त्यातले काही पाणी पिऊन जड होतात आणि उभे तरंगतात, वर फक्त चार बोटं दिसतात. त्यांना इथे डेडहेड म्हणतात. सूर्य पाठीशी घेऊन बघितलं तरच दिसतात. केल्प, म्हणजे लांब देठाचं शेवाळ, दिसलं की खाली खडप आहे असं समजा. केल्पची शेपटं एका बाजूला ताणलेली असतील तर प्रवाह तिकडे वाहतोय. वाऱ्याच्या बाजूच्या किनाऱ्याला पाणी गुळगुळीत असतं आणि तिथून पुढे लहरी सुरू होतात. वाऱ्याची दिशा सांगायला यापेक्षा खात्रीचं यंत्र नाही. पांढरे फेस दिसायला लागले की वारा दहा-बारा नॉटच्या वर गेलाय, आणि पाण्यावर ब्रेक नसतात.

भरती-सुकती. मालवणला उधाणाच्या दिवशी पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं. बेला बेलाला हा फरक पाच मीटरपर्यंत जातो, प्रिन्स रुपर्टला सात मीटरच्या पुढे. चार माणसांची उंची. सकाळी धक्क्यावरून पाण्याशी उतरणारा रॅम्प जवळजवळ सपाट असतो, दुपारी तोच शिडीसारखा उभा. कॅनडाच्या जलसर्वेक्षण खात्याचे तक्ते मिळतात, त्यातल्या वेळा प्रमाणवेळेत आहेत की उन्हाळी वेळेत हे आधी वाचा. एका तासाची चूक इथे मीटरभर पाण्याची होते. कारण पाणी सारखं उतरत नाही. सहा तासांत मधले दोन तास सगळ्यात जोराचे, निम्मं पाणी त्या दोन तासांतच जातं.

एकदा बेला बेलाच्या दक्षिणेला एका छोट्या खाडीत पुळण दिसली म्हणून चाकं पाण्यातच खाली सोडली आणि थ्रॉटल देत विमान वाळूवर चढवलं. अँफिबियनची ही मोठी मजा. चहा केला, फोटो काढले. पाऊण तासाने बघतो तर पाणी चाळीस फूट मागे गेलेलं, आणि वर पक्की वाटणारी वाळू खाली चिखल आणि धोंडे निघाली. मागे ढकलायचा प्रश्नच नव्हता. सात तास बसलो. पण खरा त्रास पाणी जाताना नसतो, येताना असतो. भरतीच्या पहिल्या छोट्या लाटा विमान उचलत नाहीत, नुसतं इंचभर हलवतात आणि परत आपटतात. खाली धोंड्यांवर कवचं, एकेक सुरीसारखी. झोपायची फोमची गादी फाडून मी पोटाखाली कोंबली आणि गुडघाभर बर्फगार पाण्यात उभा राहून तासभर विमान धरून ठेवलं. मागे ओल्या वाळूवर लांडग्याच्या पंजांची ताजी रांग होती. आम्ही चहा पीत असताना ते येऊन बघून गेले होते.

तेव्हा चढती भरती असेल तरच वाळूवर चढा, आणि घड्याळ लावून. नाहीतर नांगर टाका. नांगर, साखळी आणि भरतीच्या उंचीच्या हिशोबाने दोर घ्या. फार जड म्हणून बायको नांगर मागे ठेवायला सांगेल, तेव्हा तंबू मागे ठेवा, नांगर नाही.

वाटेबद्दल. व्हँकुव्हर ते पोर्ट हार्डी साधारण १९० नॉटिकल मैल, आतल्या समुद्रावरून, बेटांच्या आडोशाने. मी वाटेत निंपकिश तलावावर उतरतो, गोड्या पाण्यात दोन-तीन वेळा धावतो. विमान आपोआप धुतलं जातं. पोर्ट हार्डीला टाक्या भरा आणि पुढच्या मुक्कामी इंधन आहे का, ते फोन करूनच निघा. पुढे बेला बेला सुमारे ९५ मैल. त्यातला केप कॉशनचा पट्टा उघडा आहे, व्हँकुव्हर बेटाचा आडोसा संपतो आणि पॅसिफिक थेट येतो. जॉर्ज व्हँकुव्हरचं जहाज १७९२ साली याच भागात खडकावर अडकलं होतं, म्हणून पुढच्या वर्षी त्याने टोकाला हे नाव दिलं. नाव अजून लागू आहे. टोक ओलांडलं की फिट्झ ह्यू साउंड, परत आडोसा.

आता महिना. उन्हाळ्यात गरम हवा थंड समुद्रावर येते आणि धुक्याच्या भिंती उभ्या राहतात. इथले लोक ऑगस्टला 'फॉगस्ट' म्हणतात. जूनचा उत्तरार्ध घ्या: दिवस रात्री साडेनऊ-दहापर्यंत चालतो, धुकं कमी. आणि दोन आठवड्यांचा बेत असेल तर उडायचे दिवस सहाच धरा. बाकीचे वाट बघायचे.

हवामानाचं इथलं सोनं म्हणजे दीपगृहं. ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे आपल्या या प्रांतात, अजून पंचवीसेक दीपगृहांवर माणसं राहतात आणि दिवसातून अनेकदा खिडकीबाहेर बघून सांगतात: ढग किती, दिसतंय किती मैल, वारा कुठून, लाट किती फूट, हेलकावा किती. एग आयलंड, ॲडनब्रोक, आयव्हरी, मॅकिनीस. तुमच्या वाटेवरचे मोती आहेत हे. संगणकाचा अंदाज काहीही म्हणो, एग आयलंड 'अर्धा मैल, धुकं' म्हणालं की मी पोर्ट हार्डीला दुसरा चहा मागवतो. दोन लागोपाठच्या नोंदींची तुलना करा. बरं होतंय की बिघडतंय, हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं.

कायद्याने हजार फुटांखाली, नियंत्रित क्षेत्राबाहेर, दिवसा दोन मैल दिसलं आणि ढगात शिरला नाहीत तर उडता येतं. या किनाऱ्यावर दोन मैल म्हणजे मिनिटभराचा विचार. २६ जुलै २०१९ ला नऊ जणांना घेऊन जाणारं एक व्यावसायिक कॅराव्हान फ्लोटप्लेन बिघडत्या हवेत खालून जात असताना ॲडनब्रोक बेटाच्या जंगलात आदळलं, चार जण गेले. म्हणून तुमची मर्यादा अशी ठेवा: पाच मैल दिसलं पाहिजे आणि ढग हजार फुटांच्या वर हवेत. अरुंद खाडीतून जाताना उजव्या काठाला चिकटून उडा, म्हणजे डावीकडे वळायला सगळी रुंदी मिळते आणि वळताना पाणी तुमच्याच बाजूला दिसतं. समोरचा काठ पुसट झाला की वळा. 'अजून थोडं पुढे बघू' असं मनात आलं की ते वळण आत्ताच घ्या. नकाशावर रुंद दिसणाऱ्या कित्येक खाड्या पुढे उभ्या भिंतीला संपतात.

हैदा ग्वायसाठी हेकेट सामुद्रधुनी ओलांडायची. उत्तरेला ती पन्नासेक किलोमीटर, दक्षिणेला १४० पर्यंत. उथळ आहे, त्यामुळे वारा सुटला की लाटा आखूड आणि उंच होतात. इंजिन बंद पडलं तर तुमचं विमान पाण्यावर उतरू शकतं हे खरं, पण तिथल्या पाण्यावर ते टिकणार नाही. नेमक्या इथे अँफिबियन खोटा धीर देतं. म्हणून मी हा टप्पा एका वर्षाने ढकलतो. तेव्हा उत्तरेकडून, जितक्या उंचीवरून जमेल तितक्या उंचीवरून जा. आणि ग्वाय हानासच्या संरक्षित भागात जायला आरक्षण, माहितीसत्र आणि विमान उतरवायची परवानगी आधी लागते. जुन्या हैदा गावांच्या जागी राखणदार असतात. किनाऱ्यावर पाय ठेवण्याआधी त्यांना मरीन, म्हणजे होड्यांच्या रेडिओच्या सहा नंबरवर विचारायचं, एका वेळी बाराच माणसं आत. गावांचे धक्केही कोणाचे तरी असतात: बेला बेला हेल्ट्सुक लोकांचं, हार्टली बे गिटगाट लोकांचं. आपल्याकडे कोणाच्या अंगणात गाडी लावताना विचारतो, तसंच.

रेडिओवरून आठवलं. विमानाचा रेडिओ होड्यांशी बोलत नाही. हातातला, पाण्यात चालणारा मरीन व्हीएचएफ लाइफजॅकेटला बांधा, सोळा नंबरवर. २२ मार्च २००६ च्या मध्यरात्री 'क्वीन ऑफ द नॉर्थ' ही फेरी गिल बेटावर आदळून बुडाली. १०१ जणांपैकी ९९ वाचले, आणि मदतीला आधी धावल्या त्या हार्टली बेच्या कोळ्यांच्या होड्या. तुमच्याकडेही आधी कोणी येणार असेल तर असाच कोणीतरी. सॅटेलाइट मेसेंजर आणि ४०६ मेगाहर्ट्झचा ईएलटी, म्हणजे अपघातात आपोआप हाक देणारं यंत्र, असूच द्या, पण तुमची हाक शेजारच्या खाडीतल्या माणसाला ऐकू गेली पाहिजे.

देवमासे दिसतील, हंपबॅक आणि ओर्का. अर्ध्या नॉटिकल मैलाच्या आत, हजार फुटांच्या खाली असताना, त्यांच्या जवळ जायला किंवा त्यांना त्रास द्यायला वळणं, उतरणं, उडणं याला बंदी आहे. म्हणजे ज्या खाडीत ते आहेत तिथे उतरायचं नाही, मग ती कितीही सुंदर असो.

मीठ. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, चाकांचे कोनाडे आणि बिजागऱ्या सकट. खाऱ्या पाण्याचं एक वर्ष म्हणजे ॲल्युमिनियमची पाच. विकत घेताना लॉगबुकपेक्षा पोटाच्या आत टॉर्च घालून बघा. पांढरी भुकटी दिसली तर किंमत कमी करू नका, परत या.

कोकणात हे कधी होईल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. २०१० च्या अखेरीस अंदमानसाठीच्या जलहंस या सीप्लेन सेवेचं उद्घाटन झालं, २०१७ ला गिरगाव चौपाटीवर कोडिॲक विमानाचं प्रात्यक्षिक झालं, २०२० ला साबरमती ते केवडिया ट्विन ऑटर विमान उडालं. सगळ्या कंपन्यांच्या सेवा किंवा प्रात्यक्षिकं. आपल्या खाड्यांत जाळी आणि होड्या इतक्या आहेत की हौशी माणसाने तिथे पोट टेकवायचं म्हटलं तर माझे काकाच वल्हं घेऊन मागे लागतील.

राहिला बायकोच्या पोहण्याचा प्रश्न. पोहता येणं इथे दुय्यम आहे. उन्हाळ्यातही पाणी दहा-चौदा अंशांचं असतं. मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गीसब्रेक्ट यांचा हिशोब इथे सगळ्यांना पाठ आहे: श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ते दहा मिनिटं, शुद्ध राहते ती तासभर. पण त्याआधी विमानाबाहेर पडावं लागतं. नोव्हेंबर २००९ मध्ये सॅटर्ना बेटाजवळ एक बीव्हर फ्लोटप्लेन पाण्यात पडलं, आठातले सहा जण गेले, बुडून, विमानाच्या आतच. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०१९ मध्ये, व्यावसायिक सीप्लेनमध्ये प्रवाशांनी लाइफजॅकेट अंगात घालूनच बसायचं, आणि वैमानिकांनी पाण्याखालून सुटण्याचं शिक्षण घ्यायचं, असे नियम झाले. तुम्ही खासगी असलात तरी दोघंही ते शिक्षण घ्या. तरणतलावात पिंजरा उलटा करतात, पट्टा सोडून बाहेर यायचं असतं. पहिल्यांदा सगळे घाबरतात. तिसऱ्यांदा हात आपोआप चालतो. लाइफजॅकेट फुगवायचं ते बाहेर आल्यावरच. आत फुगवलंत तर ते तुम्हाला फरशीला, म्हणजे तेव्हाच्या छताला, चिकटवून ठेवेल.

आणि घरचा अभ्यास असा. लेकचे दरवाजे वरच्या बाजूला उघडतात. विमान उलटं झालं की ते वर म्हणजे खाली होतं. हँगरमध्ये दोघांनी पट्टे बांधून बसा, डोळ्यांवर रुमाल बांधा. एक हात दाराच्या काठावर पक्का, तो सोडायचा नाही. दुसऱ्या हाताने हेडसेट, मग दाराची कडी, आणि पट्टा सगळ्यात शेवटी. पट्टा आधी सोडला तर पाण्यात तरंगून दिशाच हरवते. डाव्या सीटवरून, उजव्या सीटवरून, मागून पुढे येऊन, पुन्हा पुन्हा करा आणि वेळ लिहून ठेवा. माझा भाचा आता चोवीसचा आहे, मागच्या सीटवरून अकरा सेकंदांत बाहेर येतो. मला अजून चौदा लागतात.